ओटीला ॲडमिशन घ्यायचीय? मग आधी कुणालातरी शर्ट घालताना नीट बघा

ऑक्युपेशनल थेरपी करायचंय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे फिजिओ का?" शॉर्टमध्ये ओटी म्हणालात तर समोरच्याला वाटतं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणार. आणि तिसरी जमात म्हणजे "ऑक्युपेशन म्हणजे नोकरी ना, मग तुम्ही पेशंटला नोकऱ्या लावून देता का" असं विचारणारी. डिग्री हातात येऊन बरीच वर्षं झाली तरी मला हे तिन्ही प्रश्न अजून येतात. चिडू नका, कारण ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न येणारे, फक्त जरा सभ्य भाषेत.

तर ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो आणि ज्याला त्याच्या लेखी काहीतरी अर्थ असतो ते सगळं. दात घासणं, शर्ट घालणं, कामावर जाणं, पोराला शाळेसाठी तयार करणं, बाजा वाजवणं, झोपणंसुद्धा. आजार, अपघात, वय, जन्मजात अडचण किंवा मनाचं दुखणं, कारण काही असो, यातलं काही अडलं की ओटीचं काम सुरू होतं. फिजिओशी फरक सांगताना "ते पाय बघतात आम्ही हात बघतो" असलं काही बोलू नका, इंटरव्ह्यू घेणारे मनात डोक्याला हात लावतात. खांदा किती वर जातो हे आम्हीही मोजतो, पण आमचा प्रश्न तिथे संपत नाही, त्या खांद्याने केस विंचरता येतात का, आणि येत नसतील तर खांदा सुधारायचा की कंगव्याचा दांडा लांब करायचा की बसायची पद्धत बदलायची, हे ठरवायचं असतं.

फॉर्म भरायच्या आधी शॅडोइंग करा, म्हणजे एखाद्या ओटीच्या मागे मागे राहून काम बघा. काही युनिव्हर्सिटीज किती तास हवेत ते लिहून देतात, काही विचारतही नाहीत, पण कुणी विचारलं नाही तरी करा. आणि शक्य असेल तर दोन अगदी वेगळ्या ठिकाणी करा, समजा एकीकडे स्ट्रोकचे पेशंट आणि दुसरीकडे लहान मुलं, किंवा एकीकडे हॅन्ड थेरपी आणि दुसरीकडे मानसिक आजारांचा वॉर्ड. कारण बऱ्याच जणांना वाटतं ओटी म्हणजे झोपाळे, रंगीत बॉल आणि गोड पोरं, मग अभ्यासात सायकियाट्री आणि पाठीच्या कण्याची इजा समोर आली की पोटात गोळा येतो. उलटही होतं, माझ्या बॅचमधली एक मैत्रीण फक्त मुलांसाठी आली होती आणि आता ती मनोरुग्णांबरोबर काम करते, तिथून हलायचं नाव घेत नाही.

परवानगी मागताना साधा छोटा मेल लिहा. मी अमुक कोर्सला अप्लाय करणारे, मला दोन-तीन दिवस नुसतं बघायचंय, मध्ये मध्ये करणार नाही, गोपनीयतेच्या कागदावर सही करीन. बास. आठवड्याने उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्या ठिकाणी विचारा. तिथे गेल्यावर वही ठेवा पण पेशंटचं नाव, खोली नंबर, ओळख पटेल असं काहीच लिहायचं नाही, फोटो तर विचारूच नका.

आता माझी फजिती सांगतो. शॅडोइंगचा पहिलाच दिवस, स्ट्रोक झालेले एक काका, उजवा हात जवळजवळ निकामी, आणि ते डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते. एक बटण, मग दम, मग दुसरं. मला बघवेना. तिसऱ्या बटणाला मी पुढे झालो आणि पटापट सगळी लावून दिली, मनात म्हटलं पुण्याचं काम केलं. थेरपिस्ट मॅडम तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, पेशंट गेल्यावर म्हणाल्या, "आज त्यांची पूर्ण सेशन तू करून टाकलीस." मला वाटलं होतं ते शर्ट घालतायत म्हणजे थेरपी सुरू व्हायची आहे. थेरपी तीच होती! बरं, त्याआधी मॅडमनी त्यांना कमजोर हात आधी बाहीत घालायला लावला होता, काढताना तोच हात शेवटी, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होऊन मला दिसलंच नव्हतं. चांगला हात आधी घातला तर उरलेलं कापड अपुरं पडतं आणि जो हात वाकत नाही त्याला बाहीत ढकलता येत नाही, इतकं साधं कारण आहे, पण घरी स्वतःचा एक हात लुळा सोडून करून बघितलं तेव्हा डोक्यात शिरलं.

एसओपीत, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या ॲडमिशनच्या निबंधात, हीच गोष्ट लिहिली मी. त्याआधीचा ड्राफ्ट "मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे" असा सुरू होत होता, आणि असे ड्राफ्ट वाचणाऱ्याच्या टेबलावर गठ्ठ्याने पडलेले असतात. लोकांना मदत तर नर्सही करते, बस ड्रायव्हरही करतो, तुम्हाला ओटीच का करायचंय ते लिहा. एक प्रसंग घ्या, तुम्ही काय पाहिलं, आधी काय चुकीचं समजलात, नंतर काय कळलं. स्वतःची चूक लिहायला घाबरू नका, इंटरव्ह्यूत माझ्याशी निम्मा वेळ त्या बटणांवरच बोलले. घरातल्या कुणाच्या आजारपणाबद्दल लिहायचं असेल तर लिहा, पण सगळं पान त्यांच्या दुःखावर घालवू नका, शेवटी ॲडमिशन तुम्हाला हवीय. "रुग्ण हा आमच्यासाठी देव आहे" टाइप वाक्यं खोडून टाका. आणि एसओपी स्वतः लिहा बाबांनो, कॉपी केलेली किंवा कुणाकडून लिहून घेतलेली लगेच उघडी पडते, कारण इंटरव्ह्यूत त्यातलंच एक वाक्य उचलून "हे जरा समजावून सांगा" म्हणतात.

कोर्स निवडताना कॅम्पसचे फोटो नंतर बघा, आधी मान्यता बघा. वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स म्हणजे डब्ल्यूएफओटी ही जागतिक संघटना १९५२ साली सुरू झाली, शिक्षण कमीत कमी कसं असावं याचे निकष ती ठरवते आणि मान्य कोर्सेसची यादी ठेवते. त्या निकषांत प्लेसमेंटचे कमीत कमी १००० तास आहेत, म्हणजे पेशंटबरोबर, सुपरव्हायझरच्या नजरेखाली. याच्याखाली तास दाखवणारा कोर्स दिसला तर सावध व्हा. पुढे दुसऱ्या देशात काम करायचं डोक्यात असेल तर हे आत्ताच तपासा, कारण नंतर तास भरून काढायचे म्हणजे फार मोठी कटकट.

रस्ताही देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये साधारण ३ वर्षांची पदवी किंवा दुसऱ्या विषयात पदवी असेल तर २ वर्षांचं मास्टर्स, आणि मग एचसीपीसी या तिथल्या रजिस्ट्रेशन देणाऱ्या संस्थेकडे रजिस्ट्रेशन. अमेरिकेत थेरपिस्ट व्हायला मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते, त्यात शेवटचं फुलटाइम फील्डवर्क, म्हणजे तिथली प्लेसमेंट, कमीत कमी २४ आठवड्यांचं, आणि नंतर एनबीसीओटी या संस्थेची देशपातळीवरची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. कॅनडात मास्टर्सच. ऑस्ट्रेलियात ४ वर्षांची पदवीही चालते. म्हणून "ओटी किती वर्षांचं असतं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, तुम्हाला जिथे काम करायचंय तिथली रजिस्ट्रेशन देणारी संस्था काय मागते तिथून उलटं मोजत या. आणि एक घोळ टाळा, ओटी असिस्टंटचा कोर्स वेगळा आणि ओटीचा वेगळा, नाव सारखं दिसतं म्हणून चुकून तो भरणारे लोक आहेत.

शिकत असलेल्या सिनियर्सना गाठा आणि विचारा, ॲनाटॉमी खऱ्या देहावर शिकवतात की नुसत्या मॉडेल आणि स्क्रीनवर, प्लेसमेंट कोण शोधून देतं, ती किती लांब असते आणि जाण्यायेण्याचा राहण्याचा खर्च कुणाचा, नापास झालं तर प्लेसमेंट पुन्हा किती वेळा करता येते. हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण विचाराच. फीचं बजेट सगळे करतात, प्लेसमेंटच्या खर्चाचं कुणी करत नाही, आणि त्या आठवड्यांत पार्टटाइम काम जवळपास जमत नाही.

बाकी लागणाऱ्या गोष्टी म्हणजे बायोलॉजी, काही ठिकाणी सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स हे विषय, शिफारसपत्रं, लसीकरणाचे पेपर्स, पोलिस व्हेरिफिकेशन. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्यांनी काम करताना पाहिलंय त्यांच्याकडून घ्या.

इंटरव्ह्यू काही ठिकाणी समोरासमोर असतो, काही ठिकाणी ग्रुप टास्क, आणि बऱ्याच ठिकाणी एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या ॲडमिशनसाठी सुरू झाली आणि मग सगळीकडे पसरली. वेगवेगळी स्टेशन्स, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, नवीन माणूस, नवीन प्रसंग. उदाहरणार्थ पेशंट म्हणतो मला घरी जायचंय, मुलगी म्हणते घरी सांभाळणं शक्य नाही, तुम्ही काय कराल. इथे लगेच निकाल देऊ नका. पेशंटला नक्की काय हवंय, घर कसं आहे, जिना आहे का, रात्री कोण असतं, हे आधी विचारीन म्हणा आणि मग विचार मोठ्याने करा. ग्रुप टास्कमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज, जो गप्प बसलेल्याला "तुझं काय म्हणणं?" विचारतो त्याच्याकडे त्यांचं लक्ष असतं. आणि शॅडोइंग करून आलेला माणूस दोन मिनिटांत ओळखू येतो, कारण तो "पेशंट सुधारला" म्हणत नाही, "तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोजा घातला" म्हणतो.

झाली ॲडमिशन. आता पहिलं वर्ष, म्हणजे ॲनाटॉमी. एका हातात २७ हाडं, ८ मनगटाची, ५ तळहाताची, १४ बोटांची, आणि वर स्नायू, नसा, सगळ्यांची लॅटिन नावं. नुसती घोकंपट्टी केलीत तर परीक्षेनंतर आठवड्यात धुऊन जाईल. तुमचा स्वतःचा हात रोज तुमच्याबरोबर आहे, तो वापरा. बसमध्ये बसल्या बसल्या अंगठा प्रत्येक बोटाला लावा आणि कुठला स्नायू, कुठली नस ते मनात म्हणा. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं सी-५ ते टी-१ चं ते जाळं, रोज एकदा कोऱ्या कागदावर न बघता काढा, आठवडाभर चुकेल मग कायमचं बसेल. आणि नस शिकलात की लगेच काम जोडा. रेडियल नस गेली की मनगट खाली पडतं हे सगळेच पाठ करतात, पण मनगट पडलं की मूठ का ढिली होते, ग्लास का सुटतो, हे समजलं की तुम्ही ओटीसारखा विचार करायला लागलात. हे आत्ताच करून बघा, मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ आवळा. आवळतच नाही ना?

गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, ती घेतली की घरातल्या रूममधल्या सगळ्यांचे कोपर गुडघे मोजून काढा. मसल टेस्टिंगला, म्हणजे स्नायूची ताकद तपासायला, ० ते ५ ग्रेड असतात, त्यात ३ हा कणा धरा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल होते पण वरून जोर सहन होत नाही. ३ पक्का कळला की खालचे वरचे आपोआप लागतात. प्रॅक्टिकल परीक्षेत मार्क जातात ते यात नाही, ते जातात हात न धुणे, स्वतःचं नाव न सांगणे, "हात लावू का" न विचारणे आणि व्हीलचेअरचा ब्रेक न लावता पेशंटला उठवणे यात. ब्रेक, मग फूटरेस्ट वर, मग बाकी. हे झोपेतही आलं पाहिजे.

मग थिअरी, जिथे निम्मा वर्ग म्हणतो हे सगळं डोक्यावरून गेलं. मोहो म्हणजे मॉडेल ऑफ ह्युमन ऑक्युपेशन, गॅरी किलहॉफनर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेलं, त्यात माणसाची इच्छा, सवयी, क्षमता आणि भोवतालचं वातावरण असं बघतात. १९९६ चं पीईओ म्हणजे माणूस, वातावरण आणि काम, हे तीन कसे एकमेकांत बसतात ते. पहिल्यांदा वाचताना वाटतं की साध्या गोष्टीला जड नावं दिलीयत. मलाही वाटलं, आणि थोडं खरंही आहे, पण ज्या पेशंटचा हात बरा झालाय तरी तो सकाळी उठून काहीच करत नाही त्याच्यासमोर बसलात की कळतं, स्नायूंच्या पुस्तकात याचं उत्तर नाही, इच्छा आणि सवय या रकान्यांत आहे. मॉडेल पाठ करू नका, ओळखीतल्या एका माणसावर लावून बघा, आजोबांवर लावा, स्वतःवर लावा.

इतिहासाचं चॅप्टर लोक टाकतात, टाकू नका, छोटं आहे. १९१७ साली अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्जला ओटीची संघटना उभी राहिली, आणि ती ज्याच्या घरी उभी राहिली तो जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हता, आर्किटेक्ट होता, टीबी, पावलाचा कापलेला भाग आणि शरीराच्या एका बाजूचा पॅरालिसिस यातून गेलेला. म्हणजे हा व्यवसाय सुरू करणाऱ्यांत एक पेशंट होता. व्हायवात विचारतात म्हणून सांगत नाही, ऐकून बरं वाटतं म्हणून सांगतोय.

सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा तर ॲक्टिव्हिटी ॲनालिसिसला. दात घासणे या कामाचे टप्पे लिहा असं सबमिशन येतं आणि पोरं सहा टप्पे लिहून मोकळी होतात. ब्रश घेतला, पेस्ट लावली, घासले, चूळ भरली, संपलं. असं नाही हो. झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात, ट्यूब किती दाबायची हा जोराचा अंदाज, ब्रश न बघता तोंडात नेणं, चव आणि फेस सहन होणं, कधी थांबायचं हे कळणं, उभं राहून तोल सांभाळणं, आणि मुळात घासायचे आहेत हे आठवणं. माझी पद्धत सांगतो, आधी स्वतःचा व्हिडिओ काढा, मग तेच काम उलट्या हाताने करा, मग बसून करा, मग जाड हातमोजा घालून करा. जिथे जिथे अडाल तो तुमचा लिहायचा टप्पा. हे महिनाभर केलंत की कुणाला कुलूप उघडताना बघूनसुद्धा डोकं आपोआप तुकडे पाडायला लागतं, घरचे वैतागतात, ते सहन करा.

स्प्लिंटिंग म्हणजे हाताला आधार देणारे साचे बनवणं, यात मजा आहे आणि पहिले दोन-तीन हमखास फुकट जातात. कागदी पॅटर्न नीट काढा, प्लास्टिक गरम पाण्यातून काढल्यावर निथळू द्या, आधी स्वतःच्या कातडीवर लावून बघा आणि मगच पेशंटच्या. मनगटाचं करंगळीकडचं उंच हाड लक्षात ठेवा, तिथे घासलं की स्प्लिंट कपाटात जातो. आणि बोटं वाकायला हवी असतील तर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या पुढे प्लास्टिक नेऊ नका, मी नेलं होतं, पेशंटला पेन धरता येईना.

प्लेसमेंटमध्ये पहिल्या आठवड्यात कुणी ग्रेट कामाची अपेक्षा करत नाही. वेळेवर या, नोट्स त्याच दिवशी लिहा, माहीत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा. गोल, म्हणजे पेशंटचं उद्दिष्ट, लिहिताना "हाताची ताकद वाढवणे" असं लिहिलंत तर लाल रेघ येणार. "दोन आठवड्यांत पेशंट खुर्चीत बसून, फक्त तोंडी सूचना घेऊन, समोरची बटणं असलेला शर्ट स्वतः घालेल" हा गोल झाला, कारण दोन आठवड्यांनी झालं का नाही हे कुणालाही तपासता येतं. आणि गोल पेशंटला विचारून ठरवा. सीओपीएम नावाचं एक साधन आहे त्यात पेशंट स्वतःच सांगतो काय अडतंय आणि ते किती जमतंय, जमण्यावर किती समाधान आहे याला १ ते १० मार्क देतो, २ मार्कांचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण धरतात. बार्थेल इंडेक्स, म्हणजे खाणं, कपडे, चालणं अशी रोजची कामं किती जमतात त्याचे मार्क, ० ते १०० असतो पण १०० आले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं समजू नका, त्यात स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, औषधं वेळेवर घेणं यातलं काहीच नाही.

रडू येईल एखाद्या दिवशी, ते चालतं, सुपरव्हायझरला सांगा. न सांगता दोन आठवडे ओढत नेणारे मग मधेच प्लेसमेंट सोडतात, असे दोघं माझ्या बॅचमध्येच होते. सुपरव्हायझरशी जमत नसेल तर युनिव्हर्सिटीच्या प्लेसमेंट ट्यूटरला लवकर कळवा, शेवटच्या आठवड्यात नापासचा शेरा हातात पडल्यावर नाही. आणि फीडबॅक मागताना "मी कसं करतोय?" विचारलं की "छान" एवढंच मिळतं, "आज पेशंटला खाटेवरून खुर्चीत हलवताना, त्या ट्रान्सफरमध्ये, माझे पाय बरोबर होते का?" असं विचारा, मग खरं उत्तर येतं.

प्रोजेक्टला विषय छोटा घ्या, एथिक्सची परवानगी यायला वेळ लागतो, तो फॉर्म सगळ्यात आधी टाका. शेवटच्या सेमिस्टरला रजिस्ट्रेशनचे पेपर्स, प्लेसमेंटच्या तासांच्या सही केलेल्या शीट्सच्या कॉपीज आणि सिलॅबसची प्रत जपून ठेवा, चार वर्षांनी दुसरीकडे अप्लाय करताना तेच मागतात आणि तोवर सही करणारे सुपरव्हायझर नोकरी बदलून कुठेतरी गेलेले असतात. माझी एक शीट सापडत नव्हती, ४० तासांची, ती पुन्हा मिळवायला तीन महिने गेले.